टोनरच्या कपाळावर कुंकू

मी प्रिंटरला आंघोळ घातलेली नाही.

हे सुरुवातीलाच लिहून ठेवते, कारण विद्यामामीने तुम्हाला व्हिडिओ कॉलवर जो किस्सा सांगितला त्यात आंघोळ होती, आणि ईशान, तू मागून "आजीने शाम्पू कुठला वापरला?" असं विचारलेलं मी ऐकलं आहे. एडमंटनला बसून अर्धवट माहितीवर हसणं सोपं असतं. म्हणून घडलं ते घडलं तसं, क्रमाने लिहिते. (एकतीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढल्यावर क्रम सोडून मला शिंकताही येत नाही.)

विद्यामामीचं ऑफिस म्हणजे आपल्या शहापूरच्या घराची रस्त्याकडची खोली. पूर्वी तिथे माग होता, आता प्रिंटर आहे. आवाजात फारसा फरक पडलेला नाही. मामी मराठी कागदपत्रांचं कानडीत आणि कानडी कागदपत्रांचं मराठीत भाषांतर करते, प्रत्येक पानावर सही-शिक्का मारते, आणि मग ते पान सरकारदरबारी चालतं. आपल्या सीमाभागात निम्म्या लोकांचा जन्म एका भाषेत नोंदलेला असतो आणि नोकरी दुसऱ्या भाषेत निघते, त्यामुळे तिच्या दारात चपला कमी पडत नाहीत. तुमचा मामा लोंढ्याला रेल्वेत, म्हणजे दिवसभर घरात मामी, आजोबा, मी आणि तो प्रिंटर. चौघांत काम करणारे दोघेच.

गेल्या वर्षीच्या खंडेनवमीला मी ठरवलं की यंत्राची पूजा नीट करायची.

खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची, यंत्रांची पूजा करतात हे तुम्हाला माहीत आहे. विळी, कात्री, शिवणयंत्र, आजोबांची स्कूटर, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. प्रिंटरला दरवर्षी मामी झाकणावर एक बोट कुंकू लावायची आणि मोकळी व्हायची. मला ते कधी पटलं नाही. झाकणाला कुंकू लावणं म्हणजे पाहुणीला दारात उभी करून तिच्या छत्रीला कुंकू लावण्यासारखं आहे. काम करतं ते आतलं यंत्र. त्याला काहीच नाही?

मामी त्या दिवशी माहेरी निपाणीला गेली होती. मी प्रिंटर उघडला.

आतले भाग कसे काढतात ते मी इराप्पाला करताना पाहिलेलं होतं. (इराप्पा म्हणजे सांबऱ्याहून येणारा प्रिंटर दुरुस्तीवाला. पन्नाशीचा, गळ्यात दोरीला लटकवलेला चष्मा, आणि बोलणं इतकं सावकाश की वाक्य संपेपर्यंत मशीन आपोआप सुरू होतं.) आत दोन वस्तू निघतात. एक टोनर, म्हणजे काळ्या पुडीचा डबा. दुसरा ड्रम, म्हणजे ती पुडी कागदावर उमटवणारं चकचकीत लाटणं. त्या लाटण्याला बोट लावायचं नाही आणि उजेड दाखवायचा नाही, एवढं मला ठाऊक होतं. मी त्यावर लगेच धुतलेलं फडकं टाकलं. सांगायचा मुद्दा, मी निष्काळजी नव्हते. मी अतिशय काळजीपूर्वक वाटोळं केलं.

दोन्ही वस्तूंच्या खालच्या कडेला नखाएवढी एक हिरवी पट्टी होती, आणि तिच्यावर चार बारीक सोनेरी चौकोन. बाकी सगळं काळं प्लास्टिक आणि तेवढंच सोनेरी. कुणालाही कळलं असतं की हेच कपाळ.

मी आधी हळद, मग पाण्यात कालवलेलं कुंकू, अनामिकेने, नीट मधोमध लावलं. ड्रमला लावलं, टोनरला लावलं. मग कपाटात खोक्यात ठेवलेला नवा टोनर आठवला. घरात आहे त्याला वगळायचं नाही, म्हणून त्याचीही पिशवी उघडून त्यालाही लावलं आणि होता तसा परत खोक्यात ठेवला. सगळं जागच्या जागी बसवलं, झाकण लावलं, झाकणालाही कुंकू आणि फूल. वहीत नोंद केली, "प्रिंटर, अंतर्बाह्य पूजा." अंतर्बाह्य हा शब्द लिहिताना मला किंचित अभिमान वाटला होता, हे कबूल करते.

पूजेनंतर यंत्र चालवायचं नसतं, आणि दसऱ्यालाही ऑफिस बंदच होतं. त्यामुळे दोन दिवस माझ्या कुंकवाला निवांत वाळायला मिळालं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला पद्मजा आली.

पद्मजा निपाणीजवळच्या एका खेड्यातली, शेतकरी जैन घरातली. वय एकोणचाळीस. बारा वर्षं एका बालवाडीत शिकवत होती. आता खानापूर रस्त्यावरच्या एका शाळेत कायमची जागा निघाली होती. अर्ज त्याच दिवशी, संध्याकाळी पाचच्या आत, हातोहात द्यायचा. वयाची अट चाळीस. पुढच्या महिन्यात तिला चाळीस पूर्ण होणार होती, म्हणजे पुढची जागा तिच्यासाठी नव्हतीच. तिचं सगळं शिक्षण पलीकडे कोल्हापुरात, सगळे दाखले मराठीत, आणि शाळेला हवे होते कानडीत, सही-शिक्क्यासह. एकूण अकरा पानं. शेवटची गुणपत्रिका कॉलेजने सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी दिली होती, म्हणून हा शेवटचा दिवस. मामीने दसऱ्याला बसून भाषांतर पुरं केलं होतं. फक्त छापायचं बाकी.

"बसा पद्मजाताई," मामी म्हणाली, "धा मिनटांत देतो सगळं."

आपल्याकडे बायकाही "देतो" म्हणतात, ते ईशान, तू चूक म्हणून काढत बसू नकोस.

मामीने बटण दाबलं. प्रिंटरने घसा खाकरला आणि छोट्या पडद्यावर इंग्रजीत लिहिलं की ड्रम ओळखता येत नाही. मग थोडं थांबून, टोनरही ओळखता येत नाही.

"ओळखता येत न्हाय म्हंजे?" मामी त्याला म्हणाली. "दोन वर्षं झाली की रं तुमास्नी एकत्र राहून."

तिने बंद करून चालू केलं. तेच. झाकण उघडून आतलं सगळं काढलं, हलवलं, परत बसवलं. तेच. तिच्या बोटांना लाल लागलं, पण झाकणावर कुंकू होतंच, त्यामुळे तिला त्यात विशेष वाटलं नाही. मला मात्र एकदम विशेष वाटलं. मी दारात शेंगा सोलत बसले होते. माझा हात थांबला.

"नवा टोनर घालून बघतो," मामी म्हणाली आणि कपाटाकडे गेली.

इथे मी बोलायला हवं होतं. पहिली संधी ही. मी तोंड उघडलंसुद्धा. पण पद्मजा माझ्याकडे बघून म्हणाली, "आज्जी, तुम्ही लायब्रीत होता न्हवं? माझी एक मावसबहीण सांगत्या, तुमच्यासारखं शिस्तीचं मानूस तिनं बघितलं न्हाय." आणि मी तोंड मिटलं.

नवा टोनर आत गेला. प्रिंटरने त्यालाही ओळखलं नाही.

(तुम्ही म्हणाल, फाइल पाठवून दुसऱ्या दुकानात का नाही छापली? तुम्हाला शहापूरचा दसरा माहीत नाही. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने कुलपाला झेंडूची माळ घातली होती आणि तो सहकुटुंब गोव्याला गेला होता. त्याच्या पुढचा बायकोच्या गावी. तिसऱ्याच्या दाराला नुसतीच माळ होती, पाटी नाही, फोन बंद. मामीने सहा ठिकाणी फोन केले.)

साडेअकरा वाजले. मामी फोनवर, पद्मजा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलेली, आणि काढून ठेवलेला जुना टोनर टेबलावर एकटा. मी तो पदराखाली घेतला आणि स्वयंपाकघरात गेले.

कुंकू दोन दिवसांत असं बसलं होतं की ओल्या फडक्याने नुसतं पसरलं. चारही सोनेरी चौकोन आता एकसारखे तांबडे झाले. मग माझ्या मनात विचार आला की सोनेरी वस्तू आहे, पितळेसारखीच दिसते आहे, आणि पितळेची देवपूजेची उपकरणी मी चाळीस वर्षं कशाने लख्ख करते? मी भिजवलेली चिंच घेतली.

आजोबा पाणी प्यायला आत आले.

"काय घासत्येस?"

"समई."

आजोबांनी चष्मा वर केला. "समई चौकोनी कधी झाली?"

"तुम्ही पेपर वाचा."

"वाचून झाला. आता हेच बघतो."

"अहो, एक शब्द बोललात तर बघा."

त्यांनी तांब्या ठेवला आणि स्टूल ओढून बसले. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझं कुठलंही काम इतकं लक्ष देऊन पाहिलं नव्हतं.

चिंचेने पट्टी चमकली, हे मी आजही सांगेन. अशी चमकली की मला वाटलं, सुटले. चमचाभर पाण्याने पुसली. (चमचाभर. आंघोळ नव्हे.) टोनर पदराखालून परत टेबलावर ठेवला आणि जमेल तेवढ्या सहजपणे म्हणाले, "विद्या, जुनाच परत घालून बघ ना. कधीकधी होतं."

मामीने घातला. प्रिंटर एक क्षण गप्प राहिला. मग आतून चिरकल्यासारखा आवाज आला, लाल दिवा लागला, आणि पडद्यावर जे दोन ओळींचं होतं ते तीन ओळींचं झालं. तिसरी ओळ अशी होती की दुरुस्ती केंद्राशी संपर्क साधा.

ही दुसरी संधी. मी ती वापरली नाही. त्याऐवजी मी प्रिंटरबरोबर आलेली माहितीपुस्तिका शोधून काढली (कपाट दोन, कप्पा तीन, माझ्याच हाताने लावलेली) आणि वाचत बसले. सोनेरी पट्टीचं चित्र होतं, त्यावर फुली होती, आणि खाली ठळक अक्षरात लिहिलं होतं की इथे हात लावू नये, ओलावा लागू देऊ नये. स्पष्ट, शुद्ध, सोप्या इंग्रजीत. माझे वडील मला कॉन्व्हेंटमध्ये घालायला निघाले तेव्हा सगळ्या भावकीशी भांडले होते. त्या इंग्रजीचा उपयोग करायला मी दोन दिवस उशीर केला होता.

मामीने इराप्पाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तो सांबऱ्यात, घरी पाहुण्यांत बसलेला.

"विद्याक्का," तो सगळं ऐकून सावकाश म्हणाला, "एक टोनर खराब हुईल. दोन हुतील. ड्रम बी हुईल. पर तिन्ही एकदम? असं हुत न्हाय. पार्ट चांगलं हाईत, त्यास्नी वाचणारं मशीनच गेलंय. बोर्ड गेला म्हणायचा."

"मग बोर्ड घेऊन या की."

"बोर्ड हुबळीवरनं यायचा. परवा."

"परवा नको हो अण्णा, आज पाचच्या आत पायजे. बाईंची नोकरी हाय."

"मी आता आलो तर नुसता बघून जाणार, अक्का. बघून काय छापतंय व्हय?"

फोन ठेवला. दोन वाजून गेले होते. पद्मजाने टेबलावरचे आपले मूळ दाखले गोळा केले, एकावर एक नीट ठेवले, कडा जुळवल्या आणि प्लास्टिकच्या पिशवीत घातले. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "असू दे विद्याताई. तुमचा काय दोष न्हाय. परवा अर्ज घेत न्हाईत आणि पुढच्या जागंला मी वयात बसत न्हाय, एवढंच. तुमचं दोन दिस मात्र वाया घालवलं मी."

"थांबा वो," मामी म्हणाली, पण तिच्या आवाजातही जोर नव्हता. "हातानं लिहून देऊ काय? शाळा घेईल?"

"टाइप केल्यालंच पायजे म्हणून लिवलंय त्यात."

पद्मजा उठली. चप्पल घालायला वाकली.

मी ग्रंथालयात असताना कुणी पुस्तकाचं पान फाडलं तर त्याला उभं करून विचारायची, "कबूल करायला किती वेळ लागतो?" उत्तर मला त्या दिवशी कळलं. पावणेचार तास.

"पद्मजा, बस," मी म्हणाले. "विद्या, इराप्पाला परत फोन लाव. मला बोलायचं आहे."

"तुम्ही काय बोलणार, आई?"

"लाव तू."

फोन लागला. स्पीकर चालूच होता, आणि तो बंद कसा करतात ते मला येत नव्हतं.

"इराप्पा, मी विद्याची सासू बोलते आहे."

"बोला आक्का."

"तुमचा बोर्ड गेलेला नाही. मी कुंकू लावलं आहे."

पलीकडे पाहुण्यांचा गलबला ऐकू येत होता.

"कशाला?"

"कपाळाला."

"कुणाच्या कपाळाला, आक्का?"

"टोनरच्या. ती सोनेरी पट्टी असते ना खाली, तिथे. ड्रमलाही लावलं. आणि नव्या टोनरलाही."

"नव्याला कशाला?"

"तो एकटा राहिला असता."

पलीकडे इराप्पा कुणाला तरी कानडीत काहीतरी म्हणाला आणि चार-पाच माणसं एकदम हसली. मामी माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, त्याच्या पुढचं काहीतरी होतं. दारात आजोबा उभे होते.

"चिंचेचं पण सांग," आजोबा म्हणाले.

"कसली चिंच?" मामीने विचारलं.

मी चिंचेचंही सांगितलं.

इराप्पाचा आवाज बदलला. आयुष्यात पहिल्यांदा तो भरभर बोलला. "कशाला हात लावू नगासा. मी निघालो."

सांबऱ्याहून शहापूर म्हणजे मधे सगळं गाव ओलांडायचं, आणि रस्त्यात एक देवीची मिरवणूक. तो येईपर्यंत सव्वातीन झाले. त्या वेळात मामी माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. पद्मजा परत खुर्चीवर बसली होती, पिशवी मांडीवर, चप्पल पायात. फक्त एकदा तिने मला हळूच विचारलं, "आज्जी, नव्याला लावलं ते बरं केलासा की वाईट?" मी म्हणाले, "इराप्पाच सांगेल." मला खरंच माहीत नव्हतं.

इराप्पाने येऊन चष्मा डोळ्यांवर चढवला, ड्रम उलटा केला आणि माझ्या हाताच्या कामाकडे बराच वेळ पाहिलं.

"मधोमध लावलंय की बरोबर," तो म्हणाला.

मग त्याने आम्हाला समजावलं. "ह्यो नखाएवढा तुकडा हाय न्हवं, ह्यो त्याचा दाखला हाय बघा. कोण हाय, कुठल्या मशीनचा, किती पानं काढून झाली, अजून किती काढणार, समदं ह्यात लिवल्यालं. मशीनच्या आत बारीक तारांची बोटं हाईत. भाग आत गेला की ती बोटं ह्या सोन्याच्या ठिपक्यांवर टेकत्यात आणि वाचत्यात. वाचता आलं तर ये म्हणतंय. न्हाई आलं तर, डबा भरल्याला असू दे, ड्रम कोरा असू दे, त्याला त्यो तिथं न्हाईच."

पद्मजा आपल्या पिशवीकडे बघून म्हणाली, "म्हंजे माझ्यागतच. गुण समदं हाईत, पर वाचता येत न्हाईत तवर काय उपेग न्हाय."

दाखल क्रमांक नसलेलं पुस्तक टेबलावर दिसत असूनही ग्रंथालयात नसतं, हे मी शेकडो विद्यार्थ्यांना ऐकवलं होतं. तोच क्रमांक मी तीन ठिकाणी हळदीकुंकवाने बुजवला होता.

"खोडरबर हाय काय?" इराप्पाने विचारलं. "पांढरं, मऊ."

त्या दिवशी कुणी मागितलेली आणि माझ्याकडे खरंच असलेली ही पहिली वस्तू. तीन आणून दिली. त्याने ड्रमची पट्टी हलक्या हाताने खोडली, फुंकर घातली, परत खोडली. लाल भुगा टेबलावर पडत गेला आणि खालून चार चौकोन एकेक करून वर आले. मग नवा टोनर. तोही सुटला. मग मशीनच्या आत वाकून, कोरड्या ब्रशने तारांच्या बोटांना लागलेलं कुंकू. शेवटी त्याने जुना टोनर उचलला, नाकाशी नेला.

"आक्का, ह्याचं सार करायचं हुतं काय?"

चिंच आत शिरून पट्टीच्या कडेला हिरवट झाली होती. तो टोनर गेला. इराप्पाने तो बाजूला ठेवला आणि म्हणाला, "नव्याला नुसतं कुंकूच लावलासा, त्याला घासायचं सुचलं न्हाई, हे देवाचं उपकार."

पद्मजाने माझ्याकडे पाहिलं. तिला तिचं उत्तर मिळालं होतं.

तीन पन्नास. झाकण बंद झालं, बटण दाबलं. प्रिंटर घरघरला, थांबला, परत घरघरला. पडद्यावर आलं की कृपया थांबा. आम्ही पाच माणसं एका नखाएवढ्या पट्टीसाठी श्वास धरून उभी. आजोबांचे हात नकळत जोडलेले होते. मी कशालाही हात जोडायच्या मनःस्थितीत नव्हते, त्याचे परिणाम ताजे होते.

पडद्यावरच्या तीन ओळींपैकी एक गेली. मग दुसरी. मग तिसरी. "तयार" असं आलं आणि पहिलं पान बाहेर पडायला लागलं.

ते मी उचललं. आनंदाने माणूस पटकन पुढे होतं. मामी ओरडेपर्यंत उशीर झाला होता. टेबलावरचा लाल भुगा मघाशी मीच हाताने गोळा केला होता, आणि पद्मजाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या कानडी भाषांतरावर, बरोबर जन्मतारखेवर, माझ्या अंगठ्याचा तांबडा ठसा उमटला होता.

"आई," मामी म्हणाली, अतिशय हळू, "तिकडं भिंतीकडंच्या खुर्चीवर बसा. हात मांडीवर."

मी बसले. पान परत छापलं गेलं. दुसरं आलं, तिसरं, चौथं. मामी उभ्या उभ्या सही करत होती, शिक्का मारत होती, पद्मजा पानं कडा जुळवून लावत होती. अकरावं पान आलं तेव्हा चार वाजून बारा मिनिटं झाली होती. बाहेर रिक्षा दिसत नव्हती.

"चला, मी सोडतो," इराप्पा म्हणाला आणि स्कूटरला किक मारली. पद्मजा पिशवी छातीशी धरून मागे बसली. वळणावर मिरवणुकीच्या ढोलांत ती स्कूटर दिसेनाशी झाली आणि आम्ही तिघं आत येऊन घड्याळाखाली बसलो. साडेचार. पावणेपाच. आजोबा म्हणाले, "त्याची स्कूटर माझ्यापेक्षा जुनी आहे." मामीने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. ते पेपर परत वाचायला गेले.

चार चोपन्नला फोन वाजला.

"दिलं," पद्मजा म्हणाली. एवढंच. मग ती रडायला लागली, आणि मामीही. मी भिंतीकडच्या खुर्चीवर, हात मांडीवर ठेवून, परवानगीची वाट बघत रडले.

पद्मजाला ती नोकरी मिळाली. या वर्षी खंडेनवमीला तिने आम्हा सगळ्यांना शाळेत पूजेला बोलावलं. तिथे तिच्याकडे मुलांचे वर्ग आहेतच, वर संगणकाची खोलीही तिच्याच देखरेखीत दिली आहे. दारात ती पुढे आली, वाकून पाया पडली, आणि उठताना माझ्या हातातला हळदीकुंकवाचा करंडा अतिशय प्रेमाने काढून घेतला. "आज्जी, ह्यो इथंच ऱ्हाऊ दे. आत फुलं हाईत."

आत प्रत्येक यंत्रावर एकेक झेंडूचं फूल होतं, आणि भिंतीवर कानडीत आणि मराठीत मोठ्या अक्षरात पाटी होती. "यंत्रांना फक्त फूल वाहावे. कुंकू आणि चिंच लावू नये." मुलं ओळीने येत होती, पाटी वाचत होती, एक फूल ठेवून हात मागे बांधून निघून जात होती. एकाचंही बोट पुढे गेलं नाही.

ग्रंथालयाच्या एकतीस वर्षांत मी भिंतींवर "शांतता राखा"पासून "पानं दुमडू नका"पर्यंत अक्षरशः शेकडो पाट्या लावल्या. एकही कुणी वाचली नाही. जिचं सगळे न चुकता ऐकतात अशी एकच पाटी माझ्यामुळे लागली, आणि ती माझ्याविरुद्ध आहे.